डावीकडची पेटी

खिळ्याला किल्ली अडकवल्याचा आवाज झाला. एवढासाच, खळ्ळकन्. पण सोमवारपासून आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं, त्यामुळे स्वयंपाकघरात कोळंबी सोलताना मला तो स्वच्छ ऐकू आला. सोमवारपासून शुभंकर मोटरसायकलची किल्ली खिशात घालून फिरत होता आणि मी रिक्षा करून माझ्या ऑर्डरी पोचवत होते.

"पेट्या घेऊ," तो दारात येऊन म्हणाला. "गाडीला मागे दोन्ही बाजूंना लावतात तसल्या. कडक, कुलूपवाल्या. ती पिशवी पुरे झाली आता."

माझी बोटं थांबली. मी म्हटलं, "काढता-घालता येतील अशा मिळतात ना?"

"तशाच घ्यायच्या," तो पटकन म्हणाला. "काढता यायलाच पाहिजेत."

मला बरं वाटलं. खोटं का बोलू, लाडच आला त्याचा. शुभंकरला 'चुकलो' म्हणता येत नाही, तो काहीतरी आणून देतो. लग्नानंतरच्या पहिल्या भांडणात मिक्सर आला होता.

आता सोमवारचं सांगते. मी सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन मासळी घेते, घरी आणून साफ करते, तुकडे करते आणि गाडीवरून नाचणे गावापासून मारुती मंदिरापर्यंत घरोघरी पोचवते. सुरमई सगळ्यांना हवी असते, पण आपल्या सिंकमध्ये खवलं कोणाला नको असतात. त्या खवल्यांवर माझा धंदा चालतो. सकाळी गाडी माझी, दुपारनंतर शुभंकरची, कारण एमआयडीसीतल्या कंपनीत त्याची दुसरी पाळी असते. सोमवारी बर्फ वितळला, पिशवी गळली आणि बांगड्यांचं पाणी सीटच्या शिवणीत मुरलं. वरून सुकलेलं दिसत होतं. हा बसला, कंपनीत पोचला, आणि गेटवरच कोणीतरी ओरडलं, "काय रे शुभ्या, कालवण आज पँटीतनं आणलंस काय?"

एवढंच. पण तो घरी आला तो दगड होऊन.

पेट्या घ्यायच्या ठरल्यावर मी कामाला लागले. लेक मनू शाळेत गेली आणि सासूबाई जरा लवंडल्या की फोनवर व्हिडिओ बघायचे. सगळ्यांत दाढीवाले पुरुष आणि बर्फाचे डोंगर. पेटी दरीत फेकून दाखवतील, तिच्यावर उभे राहून नाचतील. पण ती आतून धुवायची कशी, हे एकजण सांगेल तर शपथ. तरी शिकले. पुस्तकासारखी आडवी उघडणारी पेटी माझ्या कामाची नाही, उघडली की बर्फ रस्त्यावर. वरून झाकण उघडणारी हवी. ॲल्युमिनियमला आमच्या खाऱ्या हवेत पांढरी बुरशी धरते, म्हणून प्लॅस्टिकची. उजवीकडे सायलेन्सर, त्याच्या वाफेवर मासळी अर्धी शिजेल. म्हणजे मासळी डावीकडे, आणि उजवीकडे नारळ, कोकम, वाटलेल्या मसाल्याचे डबे. आणि काढता येणारी तर हवीच. घरात आणून भरता येईल, गिऱ्हाइकाकडे तिसऱ्या मजल्यावर हाताने उचलून नेता येईल, परत आल्यावर नळाखाली धुऊन उन्हात पालथी घालता येईल.

मनूने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही माझा मासळीचा टब मोजला. मनू पहिलीत आहे. ती टेपचं टोक असं घट्ट धरून बसली होती, जणू सोडलं तर टब पळून जाईल.

"आई, मी दोन पेट्यांच्या मधे बसणार?"

"हो. हात टेकायला दोन्हीकडे जागा."

"म्हणजे खुर्ची!" ती म्हणाली. "मग मला शाळेत तू सोड. रिक्षा नको. रिक्षात सगळे माझ्या पायावर बसतात."

किती दिवस मागे लागली होती. मी म्हटलं, पेट्या आल्या की सोमवारपासून मीच सोडणार.

शनिवारी आम्ही दोघं हायवेवरच्या दुकानात गेलो. भिंतभर डोंगराचं चित्र, त्याखाली पेट्या मांडलेल्या. दुकानदार उत्साही होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला, मला एक खुर्ची दिली आणि शुभंकरकडे वळला.

"बोला साहेब. लडाख की स्पिती?"

शुभंकर म्हणाला, "नाही, एवढं लांब नाही. गोव्याला वगैरे. जरा फिरायला."

मला वाटलं, थट्टा करतोय. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो पेटीच्या कुलपाकडे बघत होता.

"मस्त! मग ही घ्या," दुकानदार म्हणाला. "शंभर टक्के वॉटरप्रूफ. बाहेरचा थेंब आत येणार नाही."

"आतला बाहेर जाईल का, ते सांगा," मी खुर्चीतूनच म्हटलं.

"अं?"

मी उठले. त्याच्या टेबलावरची पाण्याची बाटली घेतली आणि अख्खी पेटीत ओतली. झाकण लावलं, पेटी उचलून आडवी केली. तो "अहो मॅडम, मॅडम" करत फडकं शोधायला धावला. एक थेंब गळला नाही. मला इतका आनंद झाला की मघाचं गोव्याचं बोलणं क्षणभर विसरले.

"ही चालेल," मी म्हटलं.

दुकानदार फडकं घेऊन परत आला. "पण साहेब, हिची फ्रेम बसवायची तर डावीकडचं साडीगार्ड काढावं लागेल. मॅडम मागे कशा बसणार?"

"मॅडम पुढे बसतात," मी म्हटलं.

तो हसला, शुभंकर हसला नाही. तो दुकानदाराला जरा बाजूला घेऊन हळू आवाजात विचारायला लागला. पण दुकान केवढंसं. मला शब्द न् शब्द ऐकू आला. पेटी काढायला किती वेळ लागतो? काढल्यावर फ्रेम दिसते का? तीही निघते का? म्हणजे बघणाऱ्याला कळणारच नाही ना, की गाडीला काही होतं?

"अजिबात नाही साहेब. एक खटका, पेटी हातात. फ्रेमचे हे चार बोल्ट. कुण्णाला कळणार नाही."

"मग हीच द्या," शुभंकर म्हणाला.

तेव्हा मला कळलं. त्याला काढता येणाऱ्या पेट्या हव्या होत्या, आणि मलाही. मला आत आणून भरायला. त्याला, मी दिवसभर काय करते याची खूण दुपारच्या आत गाडीवरून पुसून टाकायला.

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. मी दुकानदाराला म्हटलं, "दादा, यांना सांगायला लाज वाटतेय, म्हणून मी सांगते. आम्ही गोव्याला चाललो नाही. या पेटीतून बांगडे जाणार आहेत. सुरमई, कोळंबी, सौंदाळे. बर्फ घालून. हिला वास धरेल का?"

दुकानदार बिचारा म्हणाला, "लिंबू लावून धुवा, जाईल." मग त्याने विचारलं, "घरपोच देता? आमच्याकडे कुवारबावला याल?" आणि तिथल्या तिथे नंबर घेतला. शुभंकर बाहेर जाऊन उभा राहिला.

पेट्या बसवून होईपर्यंत आम्ही हायवेच्या कडेला भांडलो. ट्रक जात होते, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागत होतं.

"गोव्याला कधी जायचंय?"

"अगं, सहज बोललो."

"सहज नाही. तुझ्या तोंडातून मासे हा शब्द निघेना. ताटातून आत जाताना बरा जातो!"

"रस्त्यात तमाशा नको, ऋतिका."

"मी घाण काम करते का? चोरी करते? सकाळी पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून अंधारात बंदरावर जाते, ते तुला चालतं. त्यातनं घरात येतं, तेही चालतं. गाडीवर दिसलेलं तेवढं चालत नाही!"

"तुला काय कळणार?" तो एकदम ओरडला. "तुझे बाबा एसटीत कंडक्टर. तुला वर्गात कोणी नाक धरून दाखवलं होतं का? मी बाकावर बसलो की शेजारचा उठायचा. मी शिकलो तो त्यातनं सुटायला. आणि लग्न करून परत तिथेच!"

मी तडक दुकानात परत गेले. वाईट वाटलं म्हणून नाही. थांबले असते तर हातातलं हेल्मेट त्याच्यावर फेकलं असतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी पेट्यांभोवती एक चक्कर मारली, झाकणावर टिचकी मारून पाहिली. गंगुबाई म्हटलं की मिरकरवाड्यात अजून माणसं ओळखतात. डोक्यावर पाटी घेऊन गल्लोगल्ली मासळी विकत त्यांनी एकटीनं मुलगा वाढवला. मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, त्या तरी पेटतील. ही लाज त्यांच्याही वाट्याची होती.

"त्याला बोलू नको गो," त्या म्हणाल्या. "ल्हान व्हता तवापासनं तसाच. शाळा सुटली की माज्या मागनं लांबनं चालायचा. मला वाटं, खेळत येतोय. येक दिवस त्याची बाई मासे घ्यायला थांबली. मी म्हटलं, माजा पोरगा तुमच्याच वर्गात, तो बघा येतोय. बगते तर हा पार वळणाआड."

"तुम्हाला राग नाही आला?"

"पाटी डोक्यावर असली की मान वळवता येत नाय गो," त्या म्हणाल्या. "पुढं बगून चालायचं. राग यायला मागं बगावं लागतं."

आणि हसल्या! त्यांच्या त्या हसण्याने माझं डोकं आणखी फिरलं. त्यांनी केला नाही तो सगळा राग इतकी वर्षं कुठेतरी साठून होता, आणि तो आता माझ्याकडे आला असं वाटलं. आला तर आला. माझ्या डोक्यावर पाटी नाही. मला मान वळवता येते.

रविवारी दुपारी मी लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन अंगणात बसले. पेट्या खटका दाबून काढल्या, चिऱ्याच्या पायरीवर ठेवल्या. मनूने पट्टी धरून पेन्सिलीच्या रेघा मारल्या. डाव्या पेटीवर मी मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं: 'ऋतिकाची ताजी मासळी. साफ करून घरपोच.' खाली फोन नंबर. मनूला 'ळ' काढायचा होता. तो जरा लोळल्यासारखा झाला, तसाच ठेवला.

शुभंकर दारात आला. वाचलं. मला वाटलं, आता ओरडेल. तो हळूच म्हणाला, "चांगलं अक्षर आलंय."

मी वर पाहिलं नाही.

"दुपारी मी काढून ठेवत जाईन," तो म्हणाला.

"ठेव. तुझ्या वेळेला तू काढ. परत बसवायच्याही तूच. माझ्या वेळेला त्या गाडीवर राहणार."

"बरं." तो थोडा थांबला. "पण उद्या मनूला सोडायला जाशील, तेव्हा तरी काढून जा. शाळा आहे गं ती."

"नाही काढणार!" माझा आवाज एवढा चढला की कुंपणावरचा कावळा उडाला. "शाळा आहे म्हणूनच नाही काढणार. फाटकासमोर नेऊन उभी करणार गाडी. वाचू दे सगळ्यांना. तिच्या बाईंना वाचू दे. या घरात पुन्हा कोणी वळणाआड जाणार नाही, समजलं?"

तो आत गेला. मी ब्रश रंगात बुडवला. आतून मोकळं वाटत होतं. माझ्यासाठी बोलले होते, सासूबाईंसाठी बोलले होते, आणि सगळ्यात जास्त या पोरीसाठी, असं मला वाटत होतं.

मनू उजव्या पेटीचं कुलूप उघडत होती, लावत होती. खट्. खट्. तिच्या नाकाच्या शेंड्यावर लाल ठिपका लागला होता. मी तो पदराच्या टोकाने पुसायला गेले तर तिने मान मागे घेतली, मग आपणहून पुढे केली.

"उद्या खुर्चीत बसायचं ना?" मी म्हटलं.

तिने मान डोलावली. पुन्हा एकदा कुलूप लावलं आणि लावलेल्या कुलपाकडेच बघत, अगदी शहाण्यासारखं, मला मदत करत असल्यासारखं विचारलं,

"आई, मी फाटकाच्या जरा अलीकडेच उतरले तर चालेल?"