विष उतरवणारा पंचा

"निघालं! विष निघालं!"

महाराज गरजले आणि कोलकात्यातल्या आमच्या डमडमच्या फ्लॅटमध्ये जमलेल्या बायकांनी हात जोडले. माझ्या सुजलेल्या पायांवर त्यांनी हळदीचा लेप दिला होता. ओल्या पांढऱ्या पंच्याने तो पुसला, तर पंचा लालभडक!

"किडनीतलं विष आहे हे, माई," ते आईला म्हणाले. "गालांवर देवीचे पंख उमटलेत. सुई लावाल तर देवी कोपेल."

देवीचे पंख म्हणे! गालांवर आणि नाकावर पसरलेला तो लाल चट्टा ल्युपसचा होता. या आजारात शरीराची राखण करणाऱ्या पेशी शरीरावरच उलटतात. माझ्या किडनीवर उलटल्या होत्या. लघवीतून प्रथिनं गळत होती, म्हणून फेस येत होता, पाय सुजत होते. इजा किती झाली आणि औषध कोणतं द्यायचं, हे ठरवायला किडनीचा बारीकसा तुकडा सुईने काढून तपासायचा होता. उद्याच.

"आभा, उद्याचं रद्द करते गं," आई डोळे पुसत म्हणाली. "सुईने किडनी गेली तर?"

"आणि न तपासता गेली तर?" माझं डोकंच फिरलं. "किडनी माझी आहे, आई! महाराज, आता तुमचा पाय पुढे करा."

"माझा कशाला?"

"विष नाही ना तुमच्यात? मग घाबरता कशाला?"

बायका खुदखुदल्या. माघार घेणं जड गेलं असावं, कारण त्यांनी पाय पुढे केला. मी लेप लावला, त्यांच्याच पंच्याच्या पांढऱ्या राहिलेल्या टोकाने पुसला. पंचा पुन्हा लाल!

"अगोबाई! महाराजांचीही किडनी गेली वाटतं!" शेजारच्या शोभाकाकू म्हणाल्या.

आईने पंचा ओढून घेतला, बोटांत चोळला. दर संक्रांतीला हळदीत चुना कालवून ती घरचं कुंकू करते.

"चुना!" ती ओरडली. "मेल्या, पंचा चुन्याच्या पाण्यात भिजवून आणलास? माझ्याच घरात मलाच चुना लावतोस? ऊठ!"

दुसऱ्या दिवशी आई माझा हात धरून हॉस्पिटलमध्ये आली. तुकडा काढला, इजा कळली, औषधं सुरू झाली. आजार अजून आहे, पण किडनी शाबूत आहे.

पायांवर सूज आली, लघवीला फेस येत राहिला, तर आधी लघवी आणि रक्त तपासा. आणि कुणी विष उतरवायला आलाच, तर पहिला पाय त्याचा पुसा.