घरातला चौथा फोन

वाटे करायला अक्कल लागते आणि वाटे पाळायला लाज लागते. इजिप्तमधल्या मन्सूरा शहरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात अक्कल बिशोयकडे होती. लाज कुणाकडे आहे, हे अजून ठरायचं होतं.

घरात विद्यार्थी तीन. बिशोय फार्मसीला, मिलिग्रॅममध्ये विचार करणारा. शहाब कॉमर्सला, फुटबॉलमध्ये विचार करणारा. आणि रगब, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तो इब्तिसामखेरीज कशाचाच विचार करत नसे. नेटचा महिन्याचा कोटा ठरलेला. तो संपला की फोनवर गोल चक्र फिरत राहतं आणि तीन जवान माणसं एकमेकांची तोंडं बघत बसतात. म्हणून बिशोयने कोट्याचे तीन सारखे वाटे केले होते. तरीही महिना सरायच्या कितीतरी आधीच कोटा उताणा पडायचा.

"तू मॅच बघतोस," बिशोय शहाबला म्हणायचा.

"मी? अरे, मी फक्त कॉमेंट्री ऐकतो! नुसता आवाज!"

"मग परवा गोल झाल्यावर फोनचा मुका कोणी घेतला?"

"आणि हा रगब? हा त्या पोरीशी तासन् तास गुलुगुलु करतो, ते काय हवेवर चालतं?"

या महिन्यात मात्र भांडण पुरे करण्याजोगं कारण आलं. इब्तिसामचे वडील, हाजी सब्री, कुवेतला बांधकामावर मुकादम होते. त्यांचा निरोप आला, की शुक्रवारी दुपारच्या, असरच्या नमाजानंतर व्हिडिओवर बोलेन. पोराचं तोंड बघेन, राहतो ती जागा बघेन, आणि पटलं तर तिथल्या तिथं फातिहा वाचू. कॅफेत जाऊन बसू नकोस, कॅफेत कुणीही साहेब दिसतो.

फातिहा म्हणजे कुराणातली पहिली प्रार्थना; दोन्हीकडच्यांनी ती वाचली की सोयरीक पक्की. आणि ती वाचली नाही, तर इब्तिसामच्या आत्याचा मुलगा नवं घर रंगवून तयार बसलाच होता. इब्तिसामने स्वच्छ सांगितलं होतं, "अब्बांना एकदाच सवड मिळते. ही वेळ चुकवलीस तर मला तोंड दाखवू नकोस." रगबला जेवण जाईना.

गुरुवारी बिशोयने उरलेला कोटा बघितला. "पुरेल. पण दोघांनी फोनला हात लावायचा नाही."

शहाबने आईची शपथ घेतली. तिघांचे फोन बंद करून जेवणाच्या टेबलावर पालथे ठेवले. तासाभराने बिशोयने स्वतःचा फोन उघडून बघितलं, तर कोटा आणखी खाली उतरलेला.

"मी नाही!" शहाब आधीच ओरडला.

"तू नाहीस हे दिसतंय मला. मग घोडं पेंड कुठं खातंय?" बिशोयने राउटरचं पान उघडलं. आजवर जोडलेल्या फोनांची नावं त्यात दिसतात. त्याने ती वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. "आपल्या घरात चौथा फोन आहे."

रगब खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला. कारण चौथा फोन कुणाचा, हे त्याला बोट दाखवून सांगता आलं असतं. बोटही शेजारच्या भिंतीकडेच दाखवायचं होतं.

शेजारी यासिनची आई राहायची. एकटी बाई, हाताला चव अशी की मसालेभात भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्या तिने ताटभर पाठवल्या की हे तिघे ताट धुवायच्या आधीच ते चकचकीत करून टाकत. आता शेजारणीचं ताट रिकामं परत करायचं नसतं, एवढं संस्कारी घरातल्या पोराला कळतं. चार संत्री, वाटीभर साखर, काहीतरी घालायचं. थंडीत एकदा ती स्वतःच ताट न्यायला दारात आली तेव्हा रगब एकटा घरात होता, आणि स्वयंपाकघरात अर्धा कांदा आणि मीठ. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. तो बोलून गेला, "मावशी, आमचं नेट घ्या ना."

"नको रे बाळा, तुमच्या अभ्यासाचं ते."

"घ्या हो मावशी, आहे काय त्यात!"

"नको नको, शपथ आहे तुला."

इथं थांबला असता तर दोघांची अब्रू राहिली असती. पण दोन नकारांवर थांबणं म्हणजे आग्रह खोटा होता असं होतं. रगब तिसऱ्यांदा म्हणाला आणि यासिनच्या आईने फोन पुढे केला.

हे सगळं त्याने आता मान खाली घालून सांगितलं.

"कुंपणानेच शेत खाल्लं!" शहाब आनंदाने टेबलावर हात आपटत म्हणाला. "आणि मी इतके महिने शिव्या खातोय!"

"पासवर्ड बदलतो," बिशोय म्हणाला. "मिनिटाचं काम आहे."

"नको! तिची ताटं खाल्लीत आपण. उद्या जिन्यात भेटली तर कुठल्या तोंडाने बघू? मी जातो. उद्या तासभर तेवढा फोन बंद ठेवा म्हणतो."

"तासभर नाही. आत्तापासून. नाहीतर तुझं लग्न अर्ध्यावर अडकेल," बिशोयने हिशेब सांगितला.

रगब गेला. दार उघडंच होतं. यासिनची आई स्वयंपाकघरात परातीत कणीक मळत होती आणि तिचा फोन तांदळाच्या बरणीला टेकवून उभा केलेला होता. फोनमध्ये यासिन. मिलानमधल्या कुठल्याशा हॉटेलात, पांढरी टोपी घालून, तोही कणीकच मळत होता. दोघंही बोलत नव्हती. आई मध्येच मान वर करून बघायची आणि पुन्हा मळायला लागायची.

"बोलत नाही का हो तो?" रगबने हळूच विचारलं.

"कामावर बोलू देत नाहीत. पण फोन चालू ठेवू देतात," ती म्हणाली. "समुद्रातून चोरून गेला तेव्हा बावीस दिवस त्याचा पत्ता नव्हता. आता दिसतो तरी. तुझ्या कृपेने बाळा, अल्ला तुझं भलं करो. तुझं काय काम होतं?"

रगबने तोंड उघडलं. मग त्याने विचारलं की मीठ आहे का थोडं.

तो घरी आला तेव्हा त्याच्या हातात मिठाची पुडी आणि बदकाच्या रश्श्याचं पातेलं होतं. "सांगितलंस?" बिशोयने विचारलं. "सांगितलं," रगब म्हणाला. मोबाईलचं नेट त्या गल्लीत गच्चीवरच्या टाकीपाशी गेल्याशिवाय येत नसे, आणि जादा कोटा विकत घ्यायचा तर महिनाअखेरीस तिघांच्या खिशांतून बसची तिकिटंच निघाली असती. निभेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. रस्सा उत्तम झाला होता, पण त्याने आपली वाटी शहाबपुढे सरकवली.

शुक्रवारी खोली झाडली. शहाबच्या फुटबॉलवाल्यांची चित्रं भिंतीवरून उतरली. हाजी सब्री पडद्यावर आले, पत्र्याच्या खोलीत, इस्त्रीचा सदरा घालून. मिशी अशी की रगबने नकळत स्वतःच्या ओठावरून हात फिरवला.

"बस. उजेडाकडे तोंड कर. हं. सिगरेट?"

"नाही हाजी."

"स्वयंपाकघर दाखव." रगबने दाखवलं. "चकचकीत आहे. म्हणजे स्वयंपाक करत नाही. मागचे कोण?"

"मी शहाब, हाजी! लाखात एक पोरगा आहे! याला तर मॅचसुद्धा आवडत नाही!"

"हे वाईट आहे," हाजी गंभीरपणे म्हणाले. मग बराच वेळ ते रगबच्या तोंडाकडे बघत राहिले. "ठीक," शेवटी ते म्हणाले. "माणसासारखा माणूस दिसतोस. चला, फातिहा."

दोन्हीकडे तळवे वर झाले. शहाबनेही केले. बिशोय ख्रिस्ती, तो हातांची घडी घालून अदबीने बसला. ओठ हलू लागले, आणि पडद्यावर हाजींचे ओठ मध्येच थांबले. तळवे वर, डोळे अर्धे मिटलेले, आणि त्यांच्या कपाळावर गोल चक्र फिरू लागलं.

हात खाली घ्यावेत की नाहीत, हे कुणालाच कळेना. तिघे तसेच बसून राहिले.

"तिला सांगितलं होतंस ना?" बिशोयने ओठ न हलवता विचारलं.

"नाही," रगब म्हणाला.

मग साधा फोन वाजला. कुवेतचा नंबर.

"फातिहा अर्ध्यावर टाकून पळतोस?" हाजींचा आवाज आख्ख्या खोलीला ऐकू गेला. "माझ्या मुलीच्या नावाने हात वर करून? बाप म्हणून मी काय तमाशा आहे?"

शहाब हातवारे करून सांगत होता, कंपनीवर ढकल, कंपनीवर ढकल. कंपनीला शिव्या दिल्या तर या देशात कुणीही मान डोलावतो. रगबने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"हाजी, नेट संपलं. संपणार हे मला काल माहीत होतं." आणि मग त्याने ताटापासून तांदळाच्या बरणीपर्यंत सगळं सांगून टाकलं. "एका दिवसापुरतं बंद ठेवा म्हणायला गेलो होतो. जीभ वळली नाही. मला इब्तिसाम हवी आहे हो हाजी, जीव जातोय माझा. पण तिथं उभं राहून ते सांगता येईना."



"ती त्याच्याशी बोलत नाही काहीच?" हाजींनी विचारलं.

"नाही. नुसती बघते."

"आणि बंद कधी करते?"

"करत नाही, हाजी."

मग हाजी खाकरले. "आमच्या घरचं नेट दर महिन्याला कोण संपवतं म्हणून इब्तिसाम सगळ्यांशी भांडते. भावावर आळ घेते. तिच्या आईने फोन चुलीशेजारी ठेवलेला असतो. मी इथं ताट घेऊन बसतो आणि ती तिकडे कांदा चिरते. चार वर्षं मी असाच जेवतोय." मग त्यांनी आवाज चढवला. "पोरीला सांगशील तर याद राख."

"नाही सांगणार, हाजी."

"तिला वाटा द्या रे, त्या बाईला. नीट चौथा वाटा," हाजी म्हणाले. बिशोयने फोनकडे बघून मान हलवली.

"आणि माझी इकडे केव्हाच वाचून झाली," हाजी म्हणाले. "तुझी राहिलीय. कर पुरी, मी ऐकतोय."

रगबने तळवे वर केले, म्हणून फोन बिशोयने त्याच्या तोंडाशी धरला. रगब दोनदा मध्येच अडखळला आणि दोन्ही वेळा मागच्या ओळीपासून पुन्हा सुरू झाला. परदेशचा साधा फोन, मिनिटागणिक महाग. हाजी सब्रींनी घाई केली नाही. शेवटचा शब्द होईपर्यंत ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "आमीन."