खदीजाबींची नजर

मेहरुन्निसा निजामपुऱ्याजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. सत्त्याऐंशी साली तिचं लग्न झालं आणि दोन महिन्यांतच सासूने, खदीजाबींनी, तिला नोकरी सोडायला लावली. "सुनेच्या बोटांना रंग शोभत न्हाय," एवढंच कारण. वर्षभरात खदीजाबी मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यांची उठबस करायला घरात तीच सून होती.

दुपारी काम आवरलं की मेहरुन्निसा पलंगासमोर बसून सासूचं चित्र काढायची. पेन्सिल नाही, आखणी नाही. कागद भिजवायचा, मोठ्या ब्रशने जलरंग सोडायचा आणि पसरेल तसा पसरू द्यायचा. खाली नवऱ्याचे लूम, कापड विणायचे यंत्रमाग, चालू असायचे. वाटीतलं पाणी थरथरायचं, ओल्या रंगावर कापसाचे तंतू येऊन चिकटायचे. ती ते तंतू उचलून टाकत नसे.

"माझं तोंड तुझ्या हातात नको," खदीजाबी म्हणायच्या.

"मग तिकडे बघा."

त्या बघत नसत. सुनेवरच डोळे रोखून पडून राहायच्या. माझी नोकरी घेतलीत, आता पडा अशाच, असं मेहरुन्निसाच्या मनात यायचं. त्याची तिला लाज वाटत नसे.

एका शुक्रवारी तिचा नवरा मुनीर लवकर वर आला.

"बघ, तुझी बायको माझी विटंबना करते," खदीजाबी म्हणाल्या.

त्याने कागद उचलला. एक गाल वाहून गेला होता, ओढणी म्हणजे नुसता निळा डाग. सुनेवर रोखलेले रागीट डोळे मात्र दोन फटकाऱ्यांत पुरे उतरले होते.

"अम्मा तुझ्याकडे अशी बघते?"

"रोज."

"माझ्याकडे कधी अशी बघितली न्हाय."

"तुम्ही मुलगा आहात."

"खोटं काढलंय तिनं. दाखव मला," खदीजाबी म्हणाल्या. मुनीरने कागद समोर धरला. त्यांनी पाहिलं आणि पाणी मागितलं. मुलाकडे, सुनेकडे नाही.

जूनमध्ये मुनीरनेच तिला पुन्हा शाळेत धाडलं आणि दुपारी आईला सांभाळायला काल्हेर गावची ठकुबाई ठेवली. पहिल्याच दिवशी खदीजाबींनी ठकुबाईला फर्मावलं, "ते चित्र शोध नि चुलीत घाल."

"मी तुमाला धराया आलेय, जाळपोळ कराया न्हाय," ठकुबाई म्हणाली.

खदीजाबी आणखी चार वर्षं जगल्या. सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत. मयतीच्या दिवशी आलेल्या बायका रडत होत्या, मेहरुन्निसा त्यांना पाणी देत फिरत होती. तिला रडू आलं नाही.