दोन किलो सहाशे ग्रॅम

दुकानात शिरल्याशिरल्या तिला किळस आली. दारापासूनच कसला तरी गोडमिट्ट सुगंध फवारलेला होता. ओळीने मांडलेल्या पातळ लॅपटॉपांच्या कळांवर दिवसभरातल्या बोटांचा तेलकटपणा चमकत होता. एक गिऱ्हाईक नाकात घातलेलं बोट तसंच पडद्यावर फिरवत होतं.

"वजन बघ, बॅटरी बघ, रॅम बघ. दिसण्यावर भाळू नकोस," दादा म्हणाला. हा तिचा थोरला भाऊ कुठल्याही खरेदीत सगळ्यांच्या पुढे असे, आणि पैसे देताना सगळ्यांच्या मागे.

तिला लॅपटॉप हलकाच हवा होता. बाबा तीस वर्षं तंत्रशाळेत सुतारकाम शिकवत होते. निवृत्तीनंतर लाकडाच्या सांध्यांवर पुस्तक लिहायला घेतलं आणि दोन प्रकरणं उरली असताना, तीन महिन्यांपूर्वी, ते गेले. ती प्रकरणं आता तिला त्यांच्या टिपणांवरून पुरी करायची होती. त्यासाठी वखारी, कारखाने, त्यांचे जुने सहकारी असं हिंडणं आलं. बाबांचा लॅपटॉप दोन किलो सहाशे ग्रॅम. तो घेऊन दोन जिने चढलं की मान धरायची. फायली तिने काढून घेतल्या होत्या. आज तो इथे बदली दिला, तरच नव्याचा मेळ तिच्या पगारात बसत होता.

"बोला मॅडम, गरज काय आणि बजेट किती?" सेल्समनने विचारलं.

हाच प्रश्न याच माणसाने वर्षापूर्वी याच टेबलापाशी बाबांना विचारला होता. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, फार वेळ बसायला डॉक्टरांची मनाई. "लिहायचंय," बाबा म्हणाले, "पडल्यापडल्या." मग त्यांनी एक पातळ लॅपटॉप दोन्ही तळव्यांवर घेऊन फळी जोखावी तसा जोखला. "हा बरा वाटतो. पोटावर भार येणार नाही."

"अहो बाबा, तुम्हाला काय विमानं पकडायचीत?" दादा म्हणाला होता. "तो दणकट घ्या, निम्म्यात येतोय. माणसाने गरज बघून घ्यावं."

विमानांवर ती हसली होती. बाबाही हसले, आणि लॅपटॉप होता त्याच जागी, कडेला कड लावून परत ठेवला.

आता ती तसेच एकेक उचलून बघत होती. सगळ्यांत पातळ होता त्याला साधा पेनड्राइव्ह लावायची सोय नव्हती. दुसऱ्याचा पडदा आरशासारखा; त्यात अक्षरांपेक्षा आपलंच तोंड जास्त दिसायचं. तिसरा किलोच्या आत होता, कळा जरा उथळ, पण बाबांच्या आकृत्या न अडखळता उघडल्या असत्या. तिने तो निवडला.

"छान चॉइस. जुना द्या, चेक करतो."

सेल्समनने बाबांचा लॅपटॉप उताणा केला. खालच्या चारही रबरी पायांवर जाड लोकरी कापडाच्या गोल चकत्या चिकटवलेल्या होत्या. इतक्या दिवसांत तिने तो उलटा करून पाहिलाच नव्हता. चकत्या एकसारख्या होत्या, कडा तिरप्या तासलेल्या. हे कात्रीचं काम नव्हतं. बाबांच्या पटाशीला धार लावून, सावकाश केलेलं होतं.

"हे काय ओंगळ चिकटवलंय? थांबा, काढतो, म्हणजे किंमत बरी येईल." तो नखाने एक चकती खरवडू लागला. नखात काळा मळ होता.

त्यांच्या आजारपणात सदरा बदलताना बाबांच्या पोटावर तिने चार गोल, जांभळे वण पाहिले होते. विचारलं तर म्हणाले, "उशीची बटणं रुतली असतील." एका उशीला कुठे असतात चार बटणं? पण तिने मान डोलावली होती.

"हात काढा," ती म्हणाली.

"अगं, काय झालं?"

"दादा, याचे पाय त्यांना रुतत होते. पोटात."

दादाने लॅपटॉपकडे पाहिलं, मग छताकडे. "मग बोलायचं नाही का? आपण काय परके होतो?"

"बोलले होते. इथेच."

सेल्समन उगाच माउस पुसू लागला. दादाने पाकीट काढलं; चक्क काढलं. "बरं, हा जुना ठेव तुझ्याकडे. वरचा फरक मी भरतो."

"तेव्हाही एवढाच फरक होता."

"सगळं माझ्याच माथी मार!" त्याचा आवाज चढला. "तूही हसलीस ना तेव्हा? खिदळलीस चांगली."

"हो," ती म्हणाली.

तो गोड वास आता तिच्या घशात उतरला होता, आणि त्याचा दोष दुकानाला देता येत नव्हता. पातळ लॅपटॉप तिने जागेवर सरकवला. जुना उचलला. एक चकती अर्धी सुटून लोंबत होती. ती अंगठ्याने दाबून धरत तिने तो पिशवीत घातला.

"आता कुठे निघालीस? अगं, रिकाम्या हाताने?"

ती बाहेर पडली. बाबांच्या तंत्रशाळेतल्या एका सहकाऱ्यांनी आज आकृत्या तपासायला बोलावलं होतं. ते चौथ्या मजल्यावर राहत होते, आणि त्या घराला लिफ्ट नव्हती. दुसऱ्याच मजल्यावर तिची मान धरली. पिशवीत हात घालून तिने चकती चाचपली. अजून होती. दार उघडलं की आधी ती चिकटवायला सरस मागायचा, बाकीचं मग.