सवतीचा वाल

देवरावची पहिली बायको रुखमाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी त्याची दुसरी बायको जया तिच्यावर जळायची. एखादी बाई जिवंत सवतीवरसुद्धा इतकी जळत नसेल.

रुखमाबाईचा घरात फोटो नव्हता. असता तर जयाने तो भिंतीकडे तोंड करून ठेवला असता आणि मोकळी झाली असती. पण रुखमाबाई मागे ठेवून गेली होती वालाचं बी. आर्णीच्या बौद्ध वस्तीत, घरामागच्या सांदवाडीत देवराव दरसाल ते लावायचा. वेल ताटीवर चढायचा, छपरावर पसरायचा आणि हिवाळ्यात त्याची जांभळी फुलं थेट दारात लोंबायची. त्याला पालथं कसं घालणार?

देवराव कापसाच्या जिनात कामाला होता. घरी आला की हातपाय धुवायच्या आधी वेलाकडे. सकाळच्या दवात पानांवर चुलीतली राख उधळायची, म्हणजे मावा पडत नाही. बुडाशी कुजलेलं शेणखत घालायचं. सरकारी पांढऱ्या खताचं कुणी नाव काढलं तर हा अंगावर धावून जायचा. वर म्हणायचा, "हे सारं रुखमाचं शिकवनं." असेल तिचं! पण रोज सांगायची काय गरज?

जयाला वाल मुळीच आवडत नसे. त्याचा वास आला की तिचं डोकं उठायचं. नेरहून लग्न होऊन आली तेव्हा तिने माहेरची वांग्याची रोपं आणली होती, काटेरी देठाची, जांभळी. या सांदवाडीत एवढं तरी आपलं असावं, एवढंच तिचं मागणं होतं. वांगं जरा बाळसं धरतं न धरतं तोच ती तोडायची. वालाच्या आधी नवऱ्याच्या ताटात वांगं पडलं पाहिजे! देवराव बोटं चाटून खायचा आणि म्हणायचा, "चांगलं झालं वं. रुखमा यात वाल टाके."

उन्हाळा सरत आला तेव्हा देवरावने राखेत ठेवलेलं वालाचं बी मडक्यातून काढलं. "ऊन दाखवून ठेव, आता लावा लागते," असं सांगून तो कामावर गेला. जयाने ऊन दाखवलं नाही. तिने ते धुतलं, भिजवलं, दुसऱ्या दिवशी लसूण-मिरची घालून शिजवलं आणि संध्याकाळी ताटात वाढलं.

"वाल कुठून आनला?" दोन घास खाऊन देवरावने विचारलं.

"घरचाच."

तो उठला. मडक्यात नुसती राख होती. त्याने हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. "पेरायचा होता वं तो," एवढंच म्हणाला आणि ताट तसंच सोडून ओट्यावर जाऊन बसला. जयाने भांडी घासली. भीती वाटली तिला, खोटं कशाला सांगायचं. पण भीतीपेक्षा आनंद जास्त होता. संपली एकदाची बाई!

सकाळी देवरावने विहिरीवर कुणाजवळ तरी मन मोकळं केलं असावं. कारण तो कामावर जातो न जातो, तोच शेजारची म्हातारी धुरपताबाई वाटी घेऊन दारात आली. "घे पोरी, वालाचं बी. रुखमानंच देल्लं होतं मले." तिच्यामागून मथुराबाई आली, मग डोमाजीची सून. दुपारपर्यंत जयाचं सूप भरलं. साऱ्या वस्तीत रुखमाबाईचाच वाल चढत होता, आणि हे जयाला कुणी सांगितलं नव्हतं. सूप उकिरड्यावर भिरकावून द्यावंसं तिला वाटलं. पण चार बाया समोर असताना ते पुढे धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बी देणारीची वाटी रिकामी परत करायची नाही, बियाच्या बदल्यात बी घालायचं, अशी वस्तीत रीत. अजून ओट्यावरच बसलेल्या धुरपताबाईने आपली रिकामी वाटी पुढे धरली. "तुह्या वांग्याचं बी टाक यात. देवराव सांगत होता, लय गोड हाये म्हने."

जयाचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. "बी नाई जी माह्याजवळ."

"काहून? एकबी वांगं पिकू नाई देल्लं?"

"सारे ह्यायच्याच ताटात वाढले."

म्हातारी हसली. "अवं, रुखमा तं पहिली शेंग बियाले राखे. नवरा मांगून मांगून थके, पन हात लावू नाई दे."

जयाने वाटीत गुळाचा खडा घातला. तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी देवरावने सूप पाहिलं आणि त्याचा राग निवळला. बायकोला बरं वाटावं म्हणून तो स्वतःच वांग्याकडे वळला. उन्हाळाभर मोरीच्या पाण्यावर तगलेल्या एका झाडाला पानाआड एक वांगं होतं. "जया, याचं भरीत कर वं आज. मीच मांगून राह्यलो."

या एका वाक्यासाठी तिने वर्षभर वाट पाहिली होती. ती चुलीपासून धावत आली.

"हात नका लावू त्याले!"

देवराव दचकून मागे सरला. जयाने पदराची चिंधी फाडली आणि त्या वांग्याच्या देठाला बियाण्याची खूण बांधली. त्याने ठेच्याशी भाकर खाल्ली तर खाऊ दे. पुढच्या साली तिला वस्तीतल्या घराघरांत शिरायचं होतं. रुखमाबाई जितक्या घरांत होती तितक्या, आणि वर एका घरात जास्त.