पाहुणीचा पत्रा

"वहिनी, स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघू नका म्हटलं ना! आरपार जाईल. बघा, गेला!"

वेल्डर ठिणगीने कपाळावर हात मारला. शिवणबाई गाडीच्या दाराशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. दाराखालच्या पट्टीचा रंग वरून ठीक दिसत होता, जरा फुगलेला, इतकंच. पण स्क्रू-ड्रायव्हर ओल्या बिस्किटात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला होता. त्यांनी तो ओढून काढला, तर मागोमाग तपकिरी चुऱ्याची धारच लागली.

"भोक कुठवर आहे ते कळायला नको? मिस्त्री असंच करायचे."

"मिस्त्री म्हणजे मिस्त्री होते, वहिनी."

"होते नाही. आहेत."

ठिणगीने जीभ चावली आणि उगाचच गॅसची नळी झटकत बसला. चाळिशी ओलांडलेला माणूस, स्वतःचं वेल्डिंगचं दुकान. पण मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे या अंगणात आला की अजून उमेदवारच व्हायचा. दुपारी दुकान बंद ठेवून, गॅसचा सेट हातगाडीवर घालून तो येत होता, ते फक्त वहिनींनी बोलावलं म्हणून. ह्यातून काही निष्पन्न होईल असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

आणि त्याचं तरी काय चुकलं? जन्मभर पडद्यांच्या कडा आणि शाळेचे गणवेश शिवणारी बाई, ती निघाली गंजक्या मोटारीचा पत्रा बदलायला. ऐकणारा हसेल नाहीतर काय करेल!

मोटार मिस्त्रींची स्वतःची. गोल नाकाची, फुगीर मडगार्डांची, आता रस्त्यावर दिसत नाही अशी. लग्नानंतरच्या वर्षी त्यांनी ती भंगारातून ओढून आणली, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, घरात पाय ठेवायला जागा नाही आणि हे काय धूड? मिस्त्री म्हणाले, "महिन्याभराची पाहुणी आहे गं. पत्रा करतो, रंग मारतो, आणि तुला बसवून फिरवतो." तेव्हापासून तिचं नाव पाहुणी पडलं आणि पाहुणीने अंगणातल्या शेडमध्ये जो मुक्काम ठोकला तो ठोकलाच. गावाच्या गाड्यांचे पोचे काढण्यात मिस्त्रींचं आयुष्य गेलं. आधी गिऱ्हाईकाचं, मग आपलं. घरच्या गाडीची पाळी काही आली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला आणि मिस्त्री कपामागोमाग खाली गेले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे जे तोंड केलं, ते फिरवलंच नाही. चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटायचे. डॉक्टर म्हणाले, "औषधाचं आम्ही बघतो, पण पेशंटने जगायचं मनावर घेतलं पाहिजे. ते तुम्ही बघा." सांगायला काय जातं! बाईंनी विनवण्या केल्या, रागावून पाहिलं, जुन्या गोष्टी काढल्या, त्यांच्या आवडीचं खाणं केलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि त्या नुसत्या बघत होत्या. एके दिवशी सगळं जेवण तसंच परत आलं, तेव्हा बाई ताट घेऊन अंगणात आल्या आणि रागाने ते ताट त्यांनी पाहुणीवर भिरकावलं. बॉनेट ठणकन वाजलं.

खिडकीतून त्यांना दिसलं, मिस्त्रींनी मान वळवली होती.

त्या दिवसापासून बाईंनी पत्र्याचं काम धरलं. दुसरं धरण्यासारखं हाताशी काही उरलंच नव्हतं. खाट ओढून खिडकीला लावली. कुजलेला पत्रा कापला, भोकावर कागद धरून नमुना बेतला आणि त्या नमुन्यावरून नवा पत्रा कापला. कापताना चारी बाजूंनी बोटभर माया सोडली. शिवणीत जाणारं कापड धरूनच हात कात्री चालवतो, त्याला पत्रा आणि पॉपलीन यांतला फरक काय ठाऊक?

"वहिनी, हे मोठं झालं," ठिणगी म्हणाला.

"शिवण उसवली म्हणजे? माया हवीच."

"अहो, पण पत्र्यावर पत्रा..."

"तू टाके मार रे. मला शिकवू नकोस."

वहिनींपुढे कुणाचं चाललंय? ठिणगीने डोळ्यांवर चष्मा ओढला आणि जुन्या पत्र्यावर नवा चढवून वेल्डिंगचे टाके मारले. बाईंनी कडा ठोकून बसवल्या, मागे सरकून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाल्या. इतक्यात खिडकीचे गज वाजले. मिस्त्री डाव्या हाताने गजावर थापा मारत होते. चेहरा लाल झाला होता, वाकडं झालेलं तोंड काहीतरी ढकलून बाहेर काढू बघत होतं.

"का... का..."

बाई धावल्या. "काय? काय होतंय? पाणी देऊ?"

"काढ!" मिस्त्री ओरडले. "काढ! काढ!"

दवाखान्यातून आल्यापासूनचा हा पहिला शब्द. बाई खिडकीखाली मातीतच बसल्या आणि ढसाढसा रडल्या. ठिणगी मात्र मान हलवत म्हणाला, "तरी मी सांगत होतो. दोन पत्र्यांच्या मधे पाणी मुरतं वहिनी, आतून पुन्हा कुजतं. कडेला कड भिडवून लावायचं, मधे फट नाही आणि वर चढणं नाही. यावरून मी काय कमी बोलणी खाल्लीत?"

पत्रा काढला. त्या संध्याकाळी मिस्त्रींनी जेवणाची वाटी संपवली.

पुढच्या खेपेला बाईंनी पत्रा काटेकोर कापला. मिस्त्रींनी पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि रात्री ओठ मिटून घेतले. शहाण्याला शब्दाचा मार, म्हणतात; बाईंना तर शब्दाचीच भूक लागली होती. काम चुकलं की माणूस ओरडतो आणि ओरडला की जेवतो, हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गंज खरवडायच्या आधीच प्रायमर फासला.

"काढ!"

मग चाकाच्या खुर्चीवर बसवून मिस्त्रींना शेडमध्ये आणू लागल्या, चुका जवळून दिसाव्यात म्हणून. पत्रा उलटा वाकवला. काढ! हातोडी मऊ ठोकळ्याऐवजी दगडावर मारली. काढ! दार बिजागरीवर एवढं तिरकं बसवलं की ते आपोआप उघडायला लागलं. काढ, काढ! मिस्त्री डाव्या हाताने हवेत कड कशी धरायची ते दाखवायचे, दाखवता येत नाही म्हणून चिडायचे, चिडून घामाघूम व्हायचे आणि मग जेवायचे. बाईंचं आकाश ठेंगणं झालं होतं. संसारात या माणसाची इतकी बोलणी त्यांनी कधी इतक्या आनंदाने खाल्ली नव्हती.

ठिणगीच्या मात्र नाकी नऊ आले. आज लावलेलं उद्या उपटायचं, परवा पुन्हा लावायचं.

"वहिनी, एक विचारू? तुमचा हात बसलाय आता. माझ्या दुकानातल्या पोरांपेक्षा बरं कापता. मग मिस्त्री आले की काय होतं तुम्हाला?"

बाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. ठिणगी थोडा वेळ त्यांच्याकडे, मग खिडकीतल्या मिस्त्रींकडे बघत राहिला. त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला. "समजलं," तो म्हणाला. त्यानंतर तोही चुकायला लागला, आणि बिचाऱ्याला नाटक अजिबात जमत नव्हतं.

पण चुकायचं म्हटलं तरी किती चुकणार? चूक काढ, बरोबर लाव, असं करता करता पाहुणी खरंच धडधाकट होत चालली. पट्टी झाली, दारं झाली, पायाखालचा तळ झाला. आणि इकडे मिस्त्रींचं 'काढ' बारीक होत चाललं. आधी नुसतं बघून ओरडायचे. मग बोट दाखवावं लागायचं. मग तर त्यांचा हात धरून चुकीवर फिरवावा लागायचा, तेव्हा कुठे "काढ" यायचं, तेही सवयीचं, उतरलेलं. वाटी पुन्हा अर्धी परत यायला लागली. मनगटं काडीसारखी झाली. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आता मागचं एकच मडगार्ड उरलं होतं, चाकावरच्या कमानीत मूठ जाईल एवढं भोक असलेलं. ते झालं की काम संपलं. मग कशावर रागवायचं त्यांनी?

"अहो, माझ्यावर रागवा ना," खाणं भरवताना एकदा त्या म्हणाल्या. "वाटेल तसं बोला. मी ऐकून घेईन. पण एवढा एक घास घ्या हो."

मिस्त्रींनी ओठ मिटून घेतले आणि भिंतीकडे पाहिलं.

तेव्हा बाईंनी ते करायचं ठरवलं, ज्याच्यापुढे बाकी सगळ्या चुका म्हणजे पोरखेळ. भोकात रद्दी कोंबायची, वरून लांबी, म्हणजे पुट्टी, थापायची, घासून रंग मारायचा. पत्र्याला हात न लावता पत्रा झाला! लबाड कारागिरांचं हे जुनं काम. लांबी लावताना छान दिसते, आणि काही दिवसांत खपलीसकट गळून पडते. असलं काम केलेली एक गाडी एकदा मिस्त्रींकडे आली होती. त्यांनी मालकाच्या समोर हातोडीने सगळी लांबी फोडली, कागद उपसून त्याच्या पायाशी टाकले आणि म्हणाले, ही गाडी नाही, मढ्याला पावडर लावलीय. दिवसभर ते कुणाशी धड बोलले नव्हते.

"वहिनी, हे नको," ठिणगी म्हणाला. "माझ्याच्याने बघवणार नाही. आणि मिस्त्रींना परत झटका आला तर?"

"आला तर आला. रागाने तरी जाईल माणूस. असा भिंतीकडे बघत नाही जाणार."

दुपारी त्यांनी मिस्त्रींना शेडमध्ये आणलं आणि खुर्ची मडगार्डाला अगदी चिकटवून लावली. मग त्यांच्यासमोर, त्यांना प्रत्येक गोष्ट दिसेल अशा बेताने, रद्दीचे कागद पाण्यात भिजवले, पिळले आणि भोकात कोंबले. मिस्त्री बघत होते. बाईंनी लांबी कालवली, पात्याने थापली. ती वाळू दिली. मग काचकागदाने घासून, कमान गुळगुळीत करून, त्या बाजूला झाल्या.

"झालं," त्या मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या. "पत्राबित्रा काही नको. कोण बघतंय आत?"

मिस्त्रींनी डावा हात हळूहळू उचलला. बोटं लांबीवरून फिरवली, एकदा इकडून, एकदा तिकडून. एका जागी बोट थांबलं, तिथे लांबी जाड होती. आता येईल, बाईंना वाटलं, आता. पण बोट तिथून निघालं आणि बाईंच्या हातावर आलं. त्या हाताची कातडी फुटली होती, नखांत लांबी भरली होती, अंगठ्यावर पत्र्याने कापल्याच्या दोन-तीन रेघा होत्या. मिस्त्री त्या हाताकडे फार वेळ बघत राहिले. त्यांनी तो आपल्या हातात घेतला, थोपटला.

"असू दे," ते म्हणाले.

स्पष्ट. एकही अक्षर अडखळलं नाही.

"वहिनी!" ठिणगी किंचाळलाच. "वहिनी, ऐकलंत? नवीन बोलले! दोन शब्द बोलले मिस्त्री!" त्याने डोळ्यांवरचा चष्मा ओढून फेकला आणि आनंदाने रडायलाच लागला. "डॉक्टरला सांगतो मी. आत्ता जातो!"

बाई उभ्या होत्या तशाच होत्या. उभ्या संसारात 'असू दे' हे शब्द या माणसाच्या तोंडून त्यांनी ऐकले नव्हते. जेवणात मीठ कमी पडलं तर नाही, गिऱ्हाईक घाईला आलं तर नाही, ताप भरलेला असताना कुणी राहू द्या म्हणालं तरी नाही. ज्या रागावर हा माणूस जगत होता, तोच त्याने सोडला होता.

"नाही हो," त्या वाकून त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "असं नका म्हणू. वाईट केलंय मी, मुद्दाम केलंय. काढ म्हणा. अहो, एकदा काढ म्हणा ना!"

मिस्त्री त्यांच्याकडे बघून हसले. वाकड्या तोंडाने, पण मनापासून, कसलाही राग न धरता. त्यांनी बाईंचा हात सोडला, मान खुर्चीला टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

बाईंनी पातं उचललं, मडगार्डापाशी गुडघ्यांवर बसल्या आणि 'काढ' न ऐकताच लांबी फोडायला लागल्या. भिजल्या कागदाचे बोळे एकेक करून बाहेर येत होते. ठिणगी फाटकात उभा राहून रस्त्यावरून जाणाऱ्यायेणाऱ्याला थांबवून सांगत होता, मिस्त्री बोलायला लागले, मिस्त्री बोलायला लागले.