पंचवीस किलोची पाठपिशवी

मी एक जुनी पाठपिशवी आहे आणि मित्रांनो, मला अजूनही राग येतो. माझ्या पोटावर काळ्या रंगात '२५ किलो' असं लिहिलेलं आहे. ते वाचून लोक मान डोलावतात. 'एवढीशी पिशवी आणि एवढं ओझं पेलते!' म्हणतात. त्या कौतुकानेच माझं डोकं फिरतं. पिशवीला डोकं कुठे असतं, असं विचारू नका. रागवायला डोकं लागत नाही, हे तुम्ही मोठ्या माणसांकडे बघून शिकलाच असाल.

माझा जन्म नगरला कमरुद्दीन शिंप्याच्या दुकानात झाला. लष्कराच्या लिलावात निघालेलं पॅराशूटचं कापड त्याने आणून ठेवलं होतं. छावणीतल्या एका अधिकाऱ्याची परदेशी पाठपिशवी त्याच्याकडे दुरुस्तीला आली होती. तिच्याकडे बघून त्याने मला बेतलं. माझ्या खांद्याच्या पट्ट्यांखाली नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, जाड गाद्या होत्या आणि कमरेला आवळायचा एक रुंद पट्टा होता. हा कमरपट्टा म्हणजे माझा अर्धा जीव. तो आवळला की ओझं कमरेवर बसतं आणि खांदे मोकळे राहतात. तेव्हा मी खरोखर चांगली पिशवी होते.

मग आप्पासाहेब आले. देवळाली प्रवराजवळच्या एका साखर कारखान्यात ते गोदाम सांभाळत. सुट्टीत डोंगर चढणाऱ्या कामगारांचं एक मंडळ त्यांनी काढलं होतं. त्यांना हलकी पिशवी हवी होती. त्यांनी मला हातात घेऊन खालीवर केलं आणि तोंड वाकडं केलं.

"पाठीवरच्या पिशवीला पोटाला पट्टा कशाला? आणि या गाद्या कुणाला निजवायला? काढा सगळं. हलकी पाहिजे आपल्याला."

"काढतो की," कमरुद्दीन म्हणाला. "नमदा दुसरीकडं कामाला येईल."

दोघांनी मिळून माझा कमरपट्टा कापला, गाद्या उसवल्या. उरल्या दोन बोटं रुंदीच्या नुसत्या पट्ट्या. मी हलकी झाले हे खरं. पण हातपाय तोडले तर माणूसही हलका होतो.

त्या गोदामात साखरेच्या पोत्यांची परीक्षा घ्यायची एक रीत होती. पोतं भरायचं, छताच्या आकड्याला लटकवायचं आणि जेवणाचा भोंगा होईपर्यंत तसंच ठेवायचं. शिवण उसवली नाही तर पोतं पास. आयुष्यभर पोती पाहिलेल्या आप्पासाहेबांना पाठपिशवीही पोतंच वाटली. त्यांनी माझ्या पोटात पाच किलोची पाच लोखंडी वजनं घातली आणि मला आकड्याला टांगलं. भोंगा झाला. माझा टाकासुद्धा हलला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आप्पासाहेबांनी स्वतः ब्रश घेऊन माझ्या पोटावर '२५ किलो' असं रंगवलं.

मला ओरडावंसं वाटत होतं. अहो, आकड्याला खांदे नसतात! आकडा चालत नाही, त्याला चढ लागत नाही, त्याच्या हाताला मुंग्या येत नाहीत. पिशवीत किती मावतं आणि पिशवी किती पेलते हे बघून तिची ताकद कळत नाही. ते ओझं ती माणसाच्या अंगावर कुठे ठेवते, हे बघावं लागतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा तो पंचविसाचा आकडा माझ्या पोटाला लागला.

एकाहत्तर सालचा पावसाळा सरत आला आणि मंडळ रतनगडाला निघालं. पातेली, स्टोव्ह, रॉकेलचा डबा, तांदूळ, बटाटे असं सगळ्यांचं सामान माझ्यात कोंबलं गेलं आणि मला राधाकृष्णाच्या पाठीवर चढवलं. राधाकृष्ण कारखान्यात हंगामी फिटर होता. उसाचं गाळप सुरू झालं की काम आणि संपलं की घर. या दसऱ्यानंतर मात्र त्याला कायम करायचं ठरत होतं. हंगामाच्या सुरुवातीला त्याच्या हातचं काम बघायचं आणि मग सही, असं साहेबांनी सांगितलं होतं. त्याची बायको बनुबाई कारखान्याच्या चाळीतल्या खोलीची स्वप्नं बघत होती.

"आपला राधा म्हणजे बैल आहे बैल!" आप्पासाहेब म्हणाले. मग काय, एकेकाने आपली चादर, आपला कंदील त्याच्याच पाठीवर टाकला. कुणाला शंका आली तर आप्पासाहेब माझ्या पोटावर बोट ठेवत. असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला 'जड होतंय' म्हणता येत नाही.

भंडारदऱ्याहून होडीने धरणाचं पाणी ओलांडलं आणि चढ सुरू झाला. माझ्या पट्ट्या त्याच्या खांद्यात रुतत होत्या, हे मला कळत होतं. त्याचा उजवा हात आधी गार पडला, मग बोटं लुळी पडली.

"जड न्हाई ना रं?" मागून कुणीतरी विचारलं.

"छ्या! न्हाई," तो हसून म्हणाला.

कड्याला लोखंडी शिडी होती. राधाकृष्णाने डावा हात वर टाकला आणि मग उजवा उचलायला गेला. हात वर जाईना. खांद्यापासून तो ओल्या दोरासारखा लोंबत होता. त्याचा पाय सटकला. मी माझ्या सगळ्या ओझ्यानिशी त्याला मागे ओढत होते, आणि मला ते थांबवता येत नव्हतं. वरच्याने गचांडी धरली, खालच्याने पाय आवळले, म्हणून तो वाचला.

त्याला खाली घेतलं तेव्हा आप्पासाहेबांनी पहिल्यांदा काय बघितलं असेल? माझे टाके!

"बघा, पिशवी शाबूत! एक टाका उसवलेला नाही," ते म्हणाले.

मित्रांनो, मी फाटले असते तर बरं झालं असतं. वाटेतच फाटले असते तर बटाटे घरंगळले असते आणि राधाकृष्णाचा हात वाचला असता. मी फाटले नाही याचंच लोकांनी कौतुक केलं.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, खांद्याची नस दबली आहे, हात सुधारेल पण वेळ लागेल. गाळप वेळ देत नाही. दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटला, तेव्हा राधाकृष्णाला उजव्या हाताने साधा पाना धरता येत नव्हता. त्याची जागा दुसऱ्याला मिळाली.

त्याच दिवशी गोदामासमोर आप्पासाहेबांनी मला हार घालून टेबलावर ठेवलं होतं. मंडळातल्या प्रत्येकासाठी अशीच एक पिशवी शिवून घ्यायची, असं ते सांगत होते. गर्दीतून बनुबाई पुढे आली. तिने माझा हार काढून टेबलावर टाकला आणि गोदामातून ती लोखंडी वजनं आणून एकेक माझ्या पोटात घातली.

"घाला पाठीवर," ती म्हणाली.

"बनुबाई, अहो, सणाचा दिवस आहे..."

"आमच्या घरात न्हाई सण. घाला. आन् फाटकापातुर जाऊन या. लई लांब न्हाई, डोंगर बी न्हाई."

सगळे बघत होते. आप्पासाहेबांनी मला पाठीवर घेतलं. जाताना ते ताठ होते. येताना त्यांचे दोन्ही अंगठे पट्ट्यांखाली होते आणि मान पुढे गेली होती. ते मला उतरवायला लागले तेव्हा बनुबाई आडवी आली.

"थांबा. आता हात वर करा."

त्यांनी हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला.

"माझा मानूस ह्या हातानं शिडी धरनार हुता," ती म्हणाली.

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. नव्या पिशव्यांना गाद्या आणि कमरपट्टे लावायला त्यांनी कमरुद्दीनला सांगितलं. चांगलं झालं. पण त्याने राधाकृष्णाची जागा परत आली नाही, आणि म्हणून माझा रागही गेला नाही. त्याचा हात पुढे बराचसा सुधारला, तरी थंडीत सदऱ्याची गुंडी त्याला बनुबाईच लावून देते. त्या दसऱ्याला बनुबाई मला घरी घेऊन गेली, तेव्हापासून मी त्यांच्या घरात खुंटीला असते. बाजाराला बनुबाई मला नेते, आणि अर्धी भरली की तोंड आवळते. पोटावरचा आकडा तिने राखेने घासून पाहिला, पण रंग पक्का निघाला.

मित्रांनो, तुम्हीही कधी डोंगरावर जाल. पिशव्या भराल, तुमच्यातल्या तगड्या मित्राच्या पाठीवर जास्तीचं टाकाल, आणि तो हसून 'नाही, जड नाही' म्हणेल. त्याच्या हसण्यावर जाऊ नका. पिशवीवरच्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नका. थोडं चालल्यावर त्याला थांबवा, आणि पिशवी पाठीवर असतानाच सांगा, हात वर कर.